मेंडेल्सोन: दुसऱ्यांचं संगीत लोकांसमोर आणणारा संगीतकार

ऋषभ_कोमल

फेलिक्स मेंडेल्सोनचं नाव निघालं की दोन ठरलेली वाक्यं ऐकू येतात. बँकरचा मुलगा, आयुष्यात काही कमी पडलं नाही. आणि संगीत गोड आहे, पण खोली नाही. पाश्चात्त्य अभिजात संगीत मन लावून ऐकणारी माणसंही हे सहज बोलून जातात आणि मला दर वेळी वाईट वाटतं. म्हणून हा धागा काढतोय. त्याच्या रचनांवर बोलूच, पण आधी मला त्याचं दुसरं काम मांडायचं आहे. आज सिंफनीच्या कार्यक्रमाला गेलात तर दीड-दोनशे वर्षांपूर्वी गेलेल्या संगीतकाराची रचना नीट तालमी करून, एका संचालकाच्या हाताखाली वाजलेली ऐकायला मिळते. ही रीत ज्या मोजक्या लोकांनी पाडली त्यांत मेंडेल्सोनचं नाव फार वर घ्यावं लागेल.

जन्म ३ फेब्रुवारी १८०९, हॅम्बुर्ग. आजोबा मोझेस मेंडेल्सोन हे युरोपभर मान असलेले ज्यू तत्त्वज्ञ. १८११ मध्ये कुटुंब बर्लिनला आलं. १८१६ मध्ये मुलांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढे वडिलांनी आडनावापुढे ‘बार्थोल्डी’ जोडलं. फेलिक्सने मेंडेल्सोन हे नाव टाकून फक्त बार्थोल्डी लावावं अशी त्यांची इच्छा होती. मुलगा वडिलांचा शब्द सहसा मोडत नसे, पण आजोबांचं नाव त्याने सोडलं नाही.

घरी रविवारी मैफली होत. त्यासाठी वडील पैसे देऊन वादक बोलवत, आणि हा पोरगा आपल्या नव्या रचना त्यांच्याकडून वाजवून घेई. वाद्यवृंदासमोर उभं राहायला तो असा घरच्या दिवाणखान्यात शिकला. पैशाचा फायदा झाला तो इथे, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण पैसेवाल्या घरांतली किती मुलं सोळाव्या वर्षी आठ तंतुवाद्यांचं ऑक्टेट लिहितात? ते १८२५ चं. पुढच्याच वर्षी ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’चं ओव्हर्चर, म्हणजे प्रास्ताविक वाद्यरचना.

आता मुख्य गोष्ट. थोर जर्मन संगीतकार बाख १७५० मध्ये वारला. जाणकार त्याच्या वह्या जपून होते, बर्लिनच्या झिंग-अकाडेमी या गायक-संस्थेत त्याचे तुकडे घोकले जात, पण ‘सेंट मॅथ्यू पॅशन’सारखी, येशूच्या यातना आणि मृत्यू यांची कथा गाणारी, दोन गायकवृंद आणि दोन वाद्यवृंद लागणारी अवाढव्य रचना तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर गाता येईल यावर कुणाचा विश्वास नव्हता. फेलिक्सच्या आजीने त्याला या रचनेची हस्तलिखित प्रत भेट दिली होती. ती तो वर्षानुवर्षं वाचत होता. १८२९ च्या सुरुवातीला त्याचा गायक-नट मित्र एडुआर्ड डेव्ह्रिएंट त्याला घेऊन गुरुजींकडे, म्हणजे संस्थेचे प्रमुख कार्ल फ्रीडरिश झेल्टर यांच्याकडे गेला. झेल्टर आधी चिडले, मग विरघळले. ११ मार्च १८२९ ला प्रयोग झाला. संचालक वीस वर्षांचा. येशूचा भाग डेव्ह्रिएंटने गायला. श्रोत्यांत राजा होता, तत्त्वज्ञ हेगेल होता, कवी हायने होता. जागा न मिळाल्यामुळे कितीतरी लोक परत गेले. २१ मार्चला, बाखच्या जन्मदिनी, पुन्हा प्रयोग करावा लागला.

त्याने बरीच काटछाट केली होती हे खरं. अनेक एकल गाणी गाळली, वापरातून गेलेल्या जुन्या वाद्यांच्या जागी क्लॅरिनेट घातले. आजच्या शुद्धतावादी कानांना ते खटकेल. पण लोकांच्या कानावर बाख पडणं हे त्या वेळी महत्त्वाचं होतं, आणि ते झालं. त्या यशानंतर ख्रिस्ती संगीतातली ही सर्वांत थोर कृती परत आणायला एक नट आणि एक ज्यू पोरगा लागावा, असं तो डेव्ह्रिएंटला म्हणाला होता. डेव्ह्रिएंटच्या आठवणींत हे आहे. एरवी तो आपल्या ज्यू असण्याबद्दल फारसं बोलत नसे.

१८३५ मध्ये तो लायपझिगच्या गेवान्डहाउस या सभागृहाच्या वाद्यवृंदाचा संचालक झाला. पुढची बारा वर्षं, बर्लिनच्या राजाने मध्ये मध्ये केलेली ओढाताण सोडली तर, तो त्या गावाचा राहिला. १८३८ पासून त्याने ‘ऐतिहासिक मैफली’ सुरू केल्या: बाख, हँडेल, मग हायडन, मोझार्ट, बीथोव्हन अशा काळाच्या क्रमाने. २१ मार्च १८३९ ला शुबर्टची मोठी सी मेजर सिंफनी तिथे पहिल्यांदा जाहीरपणे वाजली. शुबर्ट जाऊन दहा वर्षं झाली होती. त्याच्या भावाकडे व्हिएन्नात पडलेल्या बाडांत ती संगीतकार रॉबर्ट शूमानला सापडली आणि त्याने सरळ मेंडेल्सोनकडे धाडली. १८४४ मध्ये मेंडेल्सोनने तीच सिंफनी लंडनला तालमीत घेतली, तर शेवटच्या भागातली तीच ती स्वरावली पुन्हा पुन्हा वाजवताना व्हायोलिनवाले हसायला लागले. त्याने ती मागे घेतली, आणि त्या कार्यक्रमात ठेवलेलं स्वतःचं ‘रुई ब्लास’ ओव्हर्चरही वाजवू दिलं नाही. मला या माणसाबद्दल सगळ्यांत जास्त आदर वाटतो तो या प्रसंगामुळे. मेलेल्या, गरीब, व्हिएन्नाबाहेर फारशा कुणाला माहीत नसलेल्या संगीतकाराचा अपमान झाला म्हणून त्याने स्वतःची रचना बाजूला ठेवली.

आणखीही आहे. लायपझिगमध्ये बाखचं स्मारक व्हावं म्हणून १८४० मध्ये थोमास चर्चमध्ये त्याने एकट्याने ऑर्गनवर निव्वळ बाख वाजवला. १८४३ मध्ये स्मारक उभं राहिलं. त्याच वर्षी लायपझिगचं संगीत विद्यालय सुरू केलं. वादकांचे पगार वाढावेत म्हणून नगरपालिकेच्या मागे लागला. आणि ४ नोव्हेंबर १८४७ ला, अडतिसाव्या वर्षी, गेला.

---

तानपुरा

छान लिहिलंय. एक अगदी प्राथमिक प्रश्न विचारते. आपल्याकडे गाणारा स्वतःच लय धरतो, तबलजीला नजरेने सांगतो. समोर उभा राहून छडी हलवणारा, एकही स्वर न लावणारा माणूस नक्की काय करतो? आणि मेंडेल्सोनआधी हे नव्हतं का?

---

ऋषभ_कोमल

प्राथमिक मुळीच नाही, याच प्रश्नावर त्या काळी लायपझिगमध्ये वाद झाला होता.

मेंडेल्सोन येण्याआधी गेवान्डहाउसमध्ये सिंफनीच्या वेळी पहिला व्हायोलिनवादक बसल्या जागेवरून गजाने इशारे करी. संचालक उभा राही तो गायकवृंद असेल तेव्हा. छडी वापरणारा मेंडेल्सोन पहिला नव्हे. वेबर आणि श्पोर हे संगीतकार ती त्याच्या आधीपासून वापरत. पण सगळा कार्यक्रम, सगळ्या तालमी आणि रचनांची निवड एकाच माणसाच्या हाती देणं, हे त्याने लायपझिगमध्ये रुजवलं. शूमानला सुरुवातीला ती छडी खटकली. सिंफनीत वाद्यवृंद प्रजासत्ताकासारखा असावा, वर कुणी नको, असं त्याने लिहिलंय. पुढे तोच शूमान आपली पहिली सिंफनी मेंडेल्सोनच्या हाती देतो (३१ मार्च १८४१).

खरं काम तालमीत होतं. कुठला आवाज कुठल्या आवाजाखाली राहील, कोणता स्वर किती ताणायचा, श्वास कुठे, हे सगळं तिथे ठरतं. मेंडेल्सोन तालमीत सौम्य बोले पण हवं ते मिळेपर्यंत सोडत नसे. पॅशनच्या प्रयोगाबद्दल डेव्ह्रिएंट सांगतो की सगळं सुरळीत चाललंय असं दिसलं की तो छडी खाली घेई आणि नुसता ऐकत राही. गरज पडली की पुन्हा उचली. तुमच्या परिचयातलं उदाहरण द्यायचं तर गुरू शिष्याला गाऊ देतो आणि फक्त समेजवळ मान हलवतो, तसं.

---

आडवाटेचा

लेख आवडला, पण मी त्या ‘ठरलेल्या वाक्यां’पैकी दुसरं वाक्य म्हणणाऱ्यांतला आहे. संचालक म्हणून तो मोठा, मान्य. मात्र इटालियन सिंफनी ऐकून प्रसन्न वाटतं आणि विषय तिथे संपतो. बीथोव्हनच्या शेवटच्या चौकड्या (चार तंतुवाद्यांच्या रचना) ऐकल्यावर मेंडेल्सोनकडे वळलं की माणूस धोका पत्करायला तयार नाही असं जाणवतं. ऑक्टेट लिहिणारा मुलगा पुढे वाढलाच नाही, हे मत माझ्या एकट्याचं नाही.

---

ऋषभ_कोमल

आडवाटेचा, मत जुनं आहे आणि त्याच्या मागे इतिहासही आहे, त्याच्याकडे येतोच. आधी संगीत.

इ मायनर व्हायोलिन कॉन्सर्टो, म्हणजे एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांची रचना, घ्या. १८३८ मध्ये तो आपल्या कॉन्सर्टमास्टरला, म्हणजे वाद्यवृंदाच्या पहिल्या व्हायोलिनवादकाला, फर्डिनांड डाविडला लिहितो की इ मायनरमधला एक कॉन्सर्टो डोक्यात घोळतोय आणि त्याची सुरुवात मला चैन पडू देत नाही. पहिला प्रयोग झाला १३ मार्च १८४५ ला. सहा-सात वर्षं त्याने काय केलं ते ऐका. तोवरच्या रिवाजाप्रमाणे आधी वाद्यवृंद सगळी प्रस्तावना वाजवी, मग एकल वादक येई. इथे व्हायोलिन जवळजवळ लगेच, दुसऱ्याच मापात (छोट्या तालखंडात) शिरतं. कॅडेंझा, म्हणजे वादकाने एकट्याने वाजवायची जागा, नेहमी शेवटाकडे असे आणि पुष्कळदा वादक ती स्वतः रचे. याने ती मध्यावर, मूळ सुरावट परतण्याच्या तोंडाशी आणली आणि स्वतः लिहून दिली. तिच्यातल्या उड्या मारणाऱ्या स्वरांखालून वाद्यवृंद मुख्य धून घेऊन परत येतो. पहिला भाग संपला तरी बासून हे फुंकवाद्य एक स्वर तसाच धरून ठेवतं, त्यामुळे टाळ्या वाजवायला जागाच उरत नाही, आणि त्या स्वरावरून दुसरा भाग सुरू होतो. हे सगळं इतकं सहज वाटतं की त्यातलं धाडस दिसत नाही. धाडसाने आवाजच करायला हवा का?

आणि एफ मायनर स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे तंतुवाद्यांची चौकडी, ओपस (प्रकाशित रचनेचा क्रमांक) ८०, ऐकलंय का? १४ मे १८४७ ला त्याची बहीण फानी बर्लिनच्या घरी तालीम घेता घेता कोसळली आणि त्याच दिवशी गेली. तालीम फेलिक्सच्याच रचनेची होती. बातमी कळल्यावर तो पार खचला. उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनला राहून त्याने ही चौकडी लिहिली. पहिल्या मापापासून वाद्यं थरथरत असतात, सुरावट धड पूर्ण होत नाही, दुसऱ्या भागातला स्केर्झो (एरवी चपळ, खेळकर असणारा भाग) ऑक्टेटमधल्या पऱ्यांसारख्या हलक्या स्केर्झोच्या अगदी विरुद्ध टोकाचा, खरबरीत आणि संतापलेला. त्यानंतर काही महिन्यांत तो स्वतः पक्षाघाताच्या झटक्यांनी गेला. याला गोड म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय.

---

गवतफूल

फानीचा उल्लेख आलाच आहे, तर तिच्या बाजूने जरा सविस्तर लिहू द्या.

फानी चार वर्षांनी मोठी, शिक्षक तेच, तयारी तीच. १८२० मध्ये वडिलांनी तिला पत्रातून सांगितलं की संगीत फेलिक्सचा कदाचित पेशा होईल, तुझ्यासाठी ते फक्त भूषण राहील. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. तिने साडेचारशेहून जास्त रचना केल्या. त्यांतली सहा गाणी फेलिक्सच्या ओपस ८ आणि ९ मध्ये त्याच्या नावाने छापली गेली. १८४२ मध्ये बकिंगहॅम राजवाड्यात व्हिक्टोरिया राणीने त्याच्या संग्रहातलं आवडतं गाणं गायलं, ते नेमकं फानीचं ‘इटालियेन’ (इटली) हे गाणं निघालं. त्याने तिथेच कबूल केलं की हे बहिणीचं आहे. लोक हा किस्सा कौतुकाने सांगतात. मला तो ऐकून राग येतो.

१८३७ मध्ये आईने त्याला विनवलं की फानीला रचना छापायला जरा उत्तेजन दे. त्याने नकार दिला. ती घरची बाई आहे, घर सांभाळते, लेखिका-संगीतकार व्हायची तिला ओढ नाही, असा त्याचा सूर. शेवटी १८४६ मध्ये, चाळिशीत, तिने स्वतःच्या हिमतीवर ओपस १ छापलं. पुढच्या वर्षी गेली. तिचा ‘ईस्टर सोनाटा’ कितीतरी वर्षं भावाच्या नावावर खपला. हस्तलिखित तपासून तो तिचा असल्याचं २०१० मध्ये सिद्ध झालं आणि ८ मार्च २०१७ ला लंडनमध्ये तिच्या नावाने वाजला.

दुसऱ्यांचं संगीत लोकांपुढे आणणारा म्हणून त्याचा गौरव करताना, घरातलंच एक संगीत त्याने अडवून धरलं हेही लिहा. बाख आणि शुबर्टसाठी त्याच्याकडे औदार्य होतं, बहिणीसाठी कमी पडलं.

---

ऋषभ_कोमल

गवतफूलताई, यातला शब्दन् शब्द खरा आहे. आणि हे मला त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात दुःखद वाटतं, कारण त्याच्या रचनांवर त्याने ज्या एका माणसाचं मत सर्वांत जास्त मानलं ती फानीच होती. बाखच्या पॅशनच्या गायकवृंदात तीही गायली होती. तिच्या ‘दास यार’ या पियानोवरच्या बारा महिन्यांच्या मालिकेवर (१८४१) तुम्ही स्वतंत्र धागा काढाच.

---

वसईकर

आमच्या वसईत लग्नाच्या मिस्सानंतर नवरा-नवरी चर्चबाहेर निघताना ऑर्गनवर जो ‘वेडिंग मार्च’ वाजतो तो याचाच. ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’ नाटकासाठी ओव्हर्चरनंतर सोळा वर्षांनी, १८४२ मध्ये त्याने बाकीचं संगीत लिहिलं, त्यातला हा तुकडा. १८५८ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या मुलीच्या लग्नात तो वाजला आणि तिथून इंग्रजांच्या जिथे जिथे वसाहती होत्या तिथे पोचला.

पण मला त्याहून गंमत वाटते ती नाताळच्या ‘हार्क! द हेराल्ड एंजल्स सिंग’ची. मी वर्षानुवर्षं चर्चच्या गायकवृंदात ते गातोय. चाल मेंडेल्सोनची, १८४० च्या ‘फेस्टगेझांग’मधली. प्रसंग होता गुटेनबर्गच्या छपाईच्या शोधाला चारशे वर्षं झाल्याचा, म्हणजे धर्माशी काहीच संबंध नाही. या चालीला जोमदार, शिपाईगडी छापाचे शब्द शोभतील, धार्मिक शब्द मात्र कधीच चालणार नाहीत, असं त्याने इंग्लंडमधल्या प्रकाशकाला कळवलं होतं. तो गेल्यावर १८५५ मध्ये विल्यम कमिंग्ज नावाच्या इंग्रज ऑर्गनवादकाने चार्ल्स वेस्लीचे शब्द तिच्यावर बसवले, आणि आज नाताळ तिच्यावाचून होत नाही.

---

लायपझिगवासी

मी नोकरीमुळे बरीच वर्षं लायपझिगला राहतोय. धागा पाहून राहवलं नाही.

ऋषभ म्हणाला तो ‘इतिहास’ मी सांगतो. मेंडेल्सोन जाऊन तीन वर्षं होत नाहीत तोच, सप्टेंबर १८५० मध्ये, याच शहरातून निघणाऱ्या संगीतपत्रिकेत ‘संगीतातला ज्यूपणा’ असा लेख टोपणनावाने आला. लेखक रिचर्ड वाग्नर. ज्यू माणसाकडे कितीही बुद्धी, कितीही तयारी असली तरी तो काळजाला हात घालणारं संगीत करूच शकत नाही, याचा नमुना म्हणून त्याने मेंडेल्सोनला उभं केलं. १८६९ मध्ये तोच मजकूर वाढवून स्वतःच्या नावाने छापला. ‘सफाईदार पण उथळ’ या शेऱ्याला जोर मिळाला तो इथून. आज तो शेरा मारणाऱ्या सगळ्यांच्या मनात द्वेष असतो असं मी म्हणत नाही, पण शेरा आला कुठून हे माहीत असलेलं बरं. आणि याच वाग्नरच्या ‘टॅनहॉयझर’चं ओव्हर्चर १८४६ मध्ये गेवान्डहाउसमध्ये कुणी वाजवलं? मेंडेल्सोनने.

१८९२ मध्ये गेवान्डहाउसच्या नव्या इमारतीसमोर त्याचा पुतळा बसवला गेला. नोव्हेंबर १९३६ मध्ये सर थॉमस बीचम लंडन फिलहार्मोनिक घेऊन लायपझिगला आले होते. पुतळ्याला हार घालायचं ठरत होतं. ९ नोव्हेंबरच्या रात्री नाझी उपमहापौराने पुतळा उखडून नेला. महापौर कार्ल ग्योर्डेलर परदेशी गेले होते. परत आल्यावर त्यांनी पुतळा पुन्हा बसवायचा आग्रह धरला, कुणी ऐकलं नाही, तेव्हा त्यांनी पद सोडलं. पुढे ते हिटलरविरोधी कटात सामील झाले आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये त्यांना मारण्यात आलं. मेंडेल्सोनचं संगीत जर्मनीत बंदच झालं होतं. ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’साठी दुसऱ्या संगीतकारांकडून पर्यायी संगीत लिहून घेण्याचे उद्योगही झाले, कार्ल ऑर्फने ते काम केलं.

पुतळ्याची प्रतिकृती २००८ मध्ये उभी राहिली, या वेळी थोमास चर्चपाशी, म्हणजे बाखच्या शेजारी. ज्या घरात तो वारला ते गोल्डश्मिटश्ट्रासेवरचं घर पडायच्या बेतात होतं. गेवान्डहाउसचे तेव्हाचे संचालक कुर्ट माझूर यांनी ते वाचवण्यासाठी खूप धडपड केली आणि १९९७ पासून तिथे संग्रहालय आहे. त्याने काढलेली जलरंगातली चित्रं बघाच, हात फार चांगला होता.

---

नवखा_श्रोता

मी हिंदुस्थानी संगीत ऐकतो, हे सगळं माझ्यासाठी नवीन आहे. कुठून सुरुवात करू?

---

ऋषभ_कोमल

‘हेब्रिडीज’ ओव्हर्चरने करा. दहा मिनिटांचं आहे. ऑगस्ट १८२९ मध्ये, म्हणजे पॅशननंतर पाच महिन्यांनी, तो स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर गेला होता. टोबरमोरी बंदरातून घरी लिहिलेल्या पत्रात त्याने सुरुवातीची धून उतरवून पाठवली. पुस्तकांत तिला ‘फिंगलची गुहा पाहून सुचलेली’ म्हणतात, पण पत्रावर तारीख आहे ७ ऑगस्टची आणि गुहा त्याने पाहिली दुसऱ्या दिवशी, बोट लागून बेजार झालेल्या अवस्थेत. धून समुद्राने दिली, गुहेने नव्हे. खाली चेलो आणि बासून एकच छोटा आकृतिबंध वाजवत राहतात आणि वरचे सूर हळूहळू बदलतात. तुमच्या कानाला हे परकं वाटणार नाही.

मग व्हायोलिन कॉन्सर्टो. मग ऑक्टेटचा तिसरा भाग. ओपस ८० लगेच ऐकू नका. त्याचं बाकीचं संगीत ओळखीचं झाल्यावर ऐकलंत तर ती चौकडी जास्त भिडेल.

---

आडवाटेचा

काल रात्री ओपस ८० ऐकलं, सलग दोनदा. पहिला भाग आणि स्केर्झो यांबद्दल मी काहीच विरोधात बोलणार नाही. ‘एलायजा’ या त्याच्या बायबलमधल्या कथेवरच्या मोठ्या गायन-रचनेबद्दलचं माझं मत मात्र कायम आहे: दुसऱ्या अंकात तो फार रेंगाळतो.

---

वसईकर

एलायजा रेंगाळतो? बर्मिंगहॅमला २६ ऑगस्ट १८४६ च्या पहिल्याच प्रयोगात लोकांनी आठ भाग पुन्हा म्हणायला लावले! दुसऱ्या अंकातलं परमेश्वर जवळून जातो तेव्हाचं समूहगान घ्या. वारा, भूकंप, अग्नी यांत तो नसतो आणि मग बारीक शांत आवाज येतो, तिथे सगळा गायकवृंद एकदम हळू होतो. आम्ही ते बसवत होतो तेव्हा ‘हळू गा, पण लय पडू देऊ नका’ हेच आमच्या बाई पुन्हा पुन्हा सांगत होत्या, आणि ती जागा बसायलाच सगळ्यात जास्त वेळ लागला. तेवढा भाग वेगळा काढून ऐका, मग बोलू.